पावसानं ठेवलेली मेंढरं

रविवार, १७ नोव्हेंबर. मुक्काम उमापूर

चि. धनश्रीस आबाचा आशीर्वाद. बाळा, तू कशी आहेस? बीडच्या वसतिगृहातलं जेवण पोटाला मानवतं का? तुझ्या खोलीतल्या त्या मैत्रिणीचा ताप उतरला का, जिच्यासाठी आज्जीकडून गुळवेल मागून नेलीस? गावाकडं वडवणीला तुझ्या आईची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, घागर अर्धीच भरत जा. शिवलिंगअप्पांच्या, म्हणजे ज्यांच्या रानात आम्ही उतरलोय त्या उमापूरच्या दुकानदारांच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून गल्ल्यावर बसतात आणि नोट उन्हात धरून बघतात. तुझ्या बापाचा, भागवतचा, गुडघा थंडीनं धरलाय. तुझी आज्जी ठणठणीत आहे. जरा खोकते, पण ती धूळ. मी बरा.

ही वही तू दिलीस आणि म्हणालीस, आबा, ही दैनंदिनी. रोज घडलं ते लिहायचं, कुणाला पाठवायची नाही. मी यष्टीच्या पाट्या वाचून अक्षर शिकलेला माणूस. वडवणी, बीड, गेवराई एवढीच माझी पहिली बाराखडी. लिहायचं म्हटलं की मला फक्त पत्र येतं, म्हणून सुरुवात अशी झाली. चालवून घे.

दिवाळी झाली की आपण मेंढरं घेऊन डोंगरावरून इकडं गोदाकाठच्या शिवारात उतरतो. रात्री मेंढरं शेतात बसवायची. शेताला खत होतं, आपल्याला ज्वारी मिळते. भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि वर आभाळ. तुला हे माहीत आहे, तरी लिहिलं. पान भरलं पाहिजे.

रविवार, २४ नोव्हेंबर

म्हाळू येऊन गेला. सारजाचा, म्हणजे धनश्रीच्या आज्जीचा, धाकटा भाऊ, मेंढरांची दलाली करतो. आला तोच हसत.

"दाजी, हा काळा धोंडा अजून काहून संभाळताव?"

धोंडा म्हणजे आपला भुंगा, काळा एडका. आपल्या कळपात आता तो एकटाच काळा नर उरलाय.

मी म्हणालो, "तुझ्या आक्काला इचार."

सारजा चुलीपुढून बोलली, "धोंडा तर धोंडा. तुझ्या त्या राघूनाक्याला डोंगर चढताना मागनं ढकलावं लागतंय."

"आक्के, गिऱ्हाइकाला उंची लागती, लांब पाय लागत्यात. लोकरीला आता कुत्रंबी इचारत न्हाई."

"मग कुत्र्याला इक की तुझा राघू."

म्हाळू हसला, चहा प्याला आणि भुंग्याच्या पाठीवर हात ठेवून वजनाचा अंदाज घेऊन गेला.

खरं दोघांचंही आहे. सारजा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापानं चार काळ्या मेंढ्या आंदण दिल्या. बुटक्या, दाट लोकरीच्या. त्यांच्यापासून आपला कळप झाला. त्यांच्याच लोकरीचं सूत स्वतः कातून सारजानं घोंगडी विणून घेतली, ती अजून तिच्या खांद्यावर असते. मग म्हाळूनं खालच्या मुलखातून उंच एडका आणला. नाक राघूसारखं वाकडं, पाय लांब, अंगावर लोकर नावाला. त्याची कोकरं बाजारात लोक हातातून ओढून घ्यायला लागले. तेव्हापासून दरसाल काळी नर कोकरं लहानपणीच विकली आणि राघूनाक्याचीच वाढवली. आता कळप सगळा भुरा दिसतो. सारजाच्या आंदणाचं रक्त दहा-बारा काळ्या मेंढ्यांत आणि भुंग्यात उरलंय. भुंगा गेला की ते संपलं. सारजा त्याला ह्याचसाठी सोडत नाही.

रविवार, १ डिसेंबर

मनात आहे की चंपाषष्ठी झाली की भुंगा म्हाळूला देऊन टाकावा. वय होत चाललंय त्याचं. सारजाला अजून बोललो नाही. बोलेन.

भागवतच्या फोनमध्ये पाऊस दाखवतोय. मी म्हणालो, मार्गशीर्ष लागतोय, कसला पाऊस.

सारजाचा खोकला तसाच आहे. हळद-गूळ दिला. औंदा मेंढरांची कातरणी केली नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही. त्यामुळं सगळी जशी जन्माला आली तशीच, आपापल्या लोकरीत आहेत.

बुधवार, ४ डिसेंबर

दुपारपासून आभाळ खाली आलंय. वारा उलटा. मेंढरं चरेनात, एका जागी डोकी घालून उभी. वही प्लास्टिकात गुंडाळून शिवलिंगअप्पांच्या शेडात ठेवतो.

शुक्रवार, ६ डिसेंबर

लिहायचं म्हणून लिहितो.

परवा दिवस मावळायच्या आत सुरू झाला आणि काल दिवस वर आला तरी थांबला नाही. पाऊस मी लई पाहिलाय. हा तसला नव्हता. टाचणीसारखा थंड आणि वारा आडवा. शेड अप्पांचं, पण त्यात सोयाबीनचे कट्टे. जेवढी मावली तेवढी कोंबली. बाकी उघड्यावर. राघूनाक्या उभ्या जागी थरथरायच्या आणि मग बसायच्या. त्या पावसात बसलेलं मेंढरू परत उठत नाही. मी एकाला उठवायचो तोवर दुसरं बसायचं.

सकाळी निम्म्याहून जास्त कळप वाघरीत आडवा होता. अंगावरची लोकर कातडीला चिकटलेली, सगळी आहेत त्याहून लहान दिसत होती.

कोकरांमध्ये तीनच जगली. दोन नर, एक मादी, तिन्ही राघूनाक्याचीच. बाजेखाली घोंगडी पांघरून एकमेकांना चिकटून होती. सारजाची घोंगडी. मी भागवतवर ओरडलो, "अरे, चांगली घोंगडी मुतात घातलीस." त्यानं कोकरं आणखी आत सरकवली. त्याचे ओठ निळे होते.

सारजा खताच्या पोत्याची खोळ करून चुलीच्या दगडाजवळ बसलेली. मी विचारलं, भिजलीस का? म्हणाली, "न्हाई, मी हितंच होते. घोंगडी वाळत घातली हुती."

तेव्हा माझं ध्यान मेंढरांत होतं.

शनिवार, ७ डिसेंबर. चंपाषष्ठी

धनश्री आली. पहाटेच्या गाडीनं गेवराई आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर. आल्याबरोबर मेलेल्या मेंढरांमध्ये जाऊन उभी राहिली. रडली नाही. मला बरं वाटलं नाही तिचं न रडणं.

देवाला रोडगा आणि वांग्याचं भरीत चुकवलं नाही. सारजानंच केलं. एवढी मेंढरं घेतली तरी खंडोबाला उपाशी ठेवायचं नाही, म्हणाली.

जेवल्यावर धनश्री म्हणाली, "आबा, मेली कोणची आन् राहिली कोणची, बघितलं का?"

"मेल्यावर काय बघायचं, बाळा."

"चला तर खरं."

तिनं मला हाताला धरून हिंडवलं. शेडातली सोड, उघड्यावरची बघ, म्हणाली. मेलेल्यांत भुऱ्याच भुऱ्या, राघूनाका एडकाही त्यातच. काळ्यांतली एक गेली, तीही दात पडलेली म्हातारी. उभ्या होत्या त्यात काळ्या जवळजवळ सगळ्या, आणि भुऱ्यांतल्या ज्यांच्या अंगावर काळ्या आईची थोडी दाट लोकर उतरली होती त्या. भुंगा रवंथ करत उभा होता, काही झालंच नाही असा. धनश्रीनं माझं बोट त्याच्या लोकरीत खुपसलं. वरून अजून ओलसर, आत कातडीजवळ कोरडं आणि ऊन.

मी म्हणालो, "हरकत न्हाई. राहिलेल्या राघूनाक्यांना आता थंडी कळली. पुढल्या साली येईल त्यांना दाट लोकर."

पोरगी आल्यापासून पहिल्यांदा हसली. "न्हाई येत आबा. तुमी सत्तर पावसाळे भिजलाव. तुमच्या अंगावर आली का?"

सारजा हसायला लागली ती खोकलाच धरून बसली. पाणी दिल्यावर थांबली.

मग धनश्रीनं समजावलं. जसं समजलं तसं लिहितो. एक मेंढरू बदलत नाही. ते जसं जन्मलं तसं जगतं आणि मरतं. बदलतो तो कळप. आईबापाकडून कुणाला दाट लोकर येते, कुणाला पातळ. आधीच असतो तो फरक, कुणी मागितलेला नसतो. मग असा पाऊस येतो, पातळवाली जास्त जातात. पुढची कोकरं कुणाची होणार? राहिलेल्यांची. त्यांच्यात दाट लोकर जास्त. असे पाऊस कैक पिढ्या येत गेले म्हणजे सगळा कळपच दाट लोकरीचा होतो, आणि त्यातलं एकही मेंढरू स्वतः बदललेलं नसतं. ती शिकते त्यात ह्याला नैसर्गिक निवड म्हणतात.

सारजा म्हणाली, "निवडतंय कोण पण? पाऊस काय म्हाळूवानी दलाल हाय व्हय?"

"कुणीच न्हाई आज्जी. नुसती म्हणायची पद्धत. पावसाला काय पाहिजे नसतंय. चांगलं-वाईट तर त्याला ठाऊकच न्हाई. पाऊस आला नसता तर उंचवालीच फायद्याची होती. दुष्काळात तिसरीच कोणतरी राहिली असती."

"म्हंजे म्हाळूनं निवडलं ते बघून, आन् पावसानं न बघताच."

"हां. आन् आपण इतकी वर्षं एकाच एडक्याची कोकरं ठेवली. सगळी एकसारखी. एकसारखा कळप एका पावसात जातो आज्जी. वेगवेगळी असली म्हंजे कोणतरी उरतंय."

सारजानं भुंग्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मनात भुंगा विकायचं होतं ते तिनं कुठून ओळखलं कोण जाणे. म्हणाली, "आता इका की तुमचा धोंडा."

सोमवार, ९ डिसेंबर

अप्पांनी खड्ड्याला मशीन दिलं. मेंढरं पुरली. अप्पा काळ्या चष्म्याआडून बघत उभे होते, म्हणाले, "बंकटराव, माझं शेत एवढ्या खताला तयार न्हवतं." मग त्यांना स्वतःलाच ते बोलणं सोसलं नाही, दुकानाकडं निघून गेले.

धनश्री आज्जीला म्हणत होती, बीडला चल, छातीचा फोटो काढू. सारजा म्हणाली, तुझी परीक्षा होऊ दे. पोरगी दुपारी गेली. जाताना दोनदा मागं वळली.

मी आता येईल-जाईल त्याला कळपाची गोष्ट सांगतो. कुणी हळहळलं की म्हणतो, कमजोर होती ती गेली, टणक होती ती राहिली, कळप आता सुधारणार. लोक माना हलवतात. सांगितलं की मलाही जरा बळ येतं.

सारजा बसूनच झोपते. म्हणते, बसल्यावर मेंढरांवर नजर राहते.

बुधवार, ११ डिसेंबर

म्हाळूचा फोन आला. त्याचीही बरीच मेंढरं गेली. भुंग्याचं विचारलं. मी नाही म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

सारजानं आज भाकरी खाल्ली नाही. विचारलं तर म्हणाली उपास आहे. बुधवारचा कसला उपास, म्हटलं तर हसली. तिन्ही कोकरं तिच्या मांडीपाशी असतात. त्यांच्या आया गेल्या, बाटलीनं दूध तीच पाजते. मादी कोकरू सगळ्यात मरतुकडं, पाय काड्यांसारखे. मी म्हणालो, "हे काय पुढल्या थंडीला टिकत न्हाई. धनूच्या हिशोबात हे बसत न्हाई."

"धनूच्या हिशोबात नसंल. माझ्या मांडीत बसतंय."

पुढल्या हप्त्यात तिला दवाखान्यात नेईन. आधी वाघर नीट करायची आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

बीडला आणलं. रस्त्यात माझा हात धरून होती. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंनी छाती भरलीय. इतके दिवस काय करत होता, म्हणाले. मी सांगितलं, मेंढरं पुरत होतो.

रविवार, १५ डिसेंबर

सारजा गेली.

गुरुवार, १९ डिसेंबर

तिला गोदावरीत सोडून आलो.

लोक येतात, बसतात. आज वडवणीकडचा एक सोयरा आला. चहा घेतला आणि म्हणाला, "बंकटदादा, वाईट वाटून घिऊ नका. म्हातारं माणूस. कमजोर ते गेलं, टणक ते राहिलं. मेंढरांचं जे, तेच माणसांचं."

शब्द माझेच होते. आठवडाभर मीच वाटत होतो ते.

मी उठून वाघरीकडं गेलो. धनश्री मागून आली. मी तिला विचारलं, "बाळा, खरं सांग. तुझी आज्जी पातळ लोकरीची होती का?"

ती इतके दिवस रडली नव्हती. तिथं वाघरीचा खुंट धरून रडली. म्हणाली, "आबा, मी तसं कधी शिकवलं न्हाई तुमाला. कोण टिकलं, एवढंच त्यातनं कळतं. कोण मोलाचं, ते न्हाई कळत. त्यात तसं काही लिहिलेलंच नसतं."

भागवत लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवली.

"दादा, कोकरांवरची घोंगडी मी न्हवती घातली."

"मग?"

"आईनं. स्वतःच्या अंगावरची काढून. सुरवातीलाच. मी तिला परत पांघरायला गेलो तर हात झटकला माझा. मग सकाळपस्तोर पोत्याखाली बसली."

"तवाच का न्हाई बोललास?"

"शप्पत घातली. म्हणली, तुझा बाप रागवंल, आन् रागवला की जेवत न्हाई."

मी वही मागं उलटून पाहिली. सहा तारखेला मीच लिहिलंय, ती म्हणाली घोंगडी वाळत घातली हुती. चालू पावसात घोंगडी कुठं वाळत घालतात, एवढं मला विचारायला सुचलं नाही. भुंग्याची लोकर बोट घालून बघितली. बायकोच्या अंगाला हात लावून बघितला नाही.

रविवार, २२ डिसेंबर

एकच विचार फिरतोय. ती घोंगडी आंदणाच्या मेंढ्यांची. भुंग्याच्या पणज्या म्हण. त्या पावसात पातळ कोकरांच्या अंगावर दाट लोकर होती. फक्त ती त्यांना आईबापाकडून आलेली नव्हती.

आणि कोकरं कुणाची, तर तिनं दहा वर्षं नाक मुरडलं त्या राघूनाक्याची. काळी कोकरं त्या पावसात होती का नव्हती, तिनं बघितलं नसणार. हाताला लागली ती झाकली.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

ह्या साली तिळगूळ नाही.

म्हाळू आला. दारावर आलेल्या गिऱ्हाइकासारखा लांब उभा राहिला. मी बस म्हणालो तेव्हा बसला. बाटली मिळेल म्हणून तिन्ही कोकरं त्याच्याकडं धावली, त्याच्या अंगाला सारजाचा वास आला असेल. त्यानं मादीला मांडीवर घेतलं.

"दाजी, तो एडका मी आणला."

"आणलास तवा मीच तुला जेवायला ठिवून घेतलं हुतं."

"तसं न्हाई. मी आक्काला म्हणायचो, गिऱ्हाइकाला उंची लागती."

"लागत हुतीच की. खोटं कुठं बोललास."

तो कोकराचे कान चोळत बसला. दलाल माणूस, पण वजनाचा हात काही त्यानं फिरवला नाही.

मी त्याला सरळ सांगितलं. धनश्रीशी फोनवर बोलणं झालं होतं. ती म्हणाली, आबा, उघड्यावरच राहायचं असेल तर पुढचा बाप भुंगाच ठेवा. राघूनाकी नर कोकरं कळपात राहिली की मोठी होऊन परत तेच होणार. हे मला पटलं. म्हणून दोन्ही नर म्हाळूला दिले, पण कसायाला नाही. ज्याला बांधायला पक्कं छप्पर आहे अशा घरी दे म्हणालो. म्हाळूनं गळ्याला हात लावून कबूल केलं. सारजाची कोकरं विकताना मला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. ती दोन्ही वळून बाटलीकडं बघत होती.

"आन् ही?" मांडीवरच्या मादीकडं बघून म्हाळूनं विचारलं.

"ही राहील."

"दाजी, हिच्या अंगावर तर काहीच न्हाई. पुढला हिवाळा..."

"घोंगडी हाय."

म्हाळूनं तोंड दुसरीकडं वळवलं. जाताना भुंग्याजवळ थांबला, त्याच्या शिंगाला हात लावला आणि म्हणाला, "माझ्या बापाच्या मेंढवाड्यात असलीच हुती सगळी."

बुधवार, ५ मार्च

परत डोंगरावर. काही घडलं नाही. सारजा असती तर ह्या ओढ्याला मेंढरं पाणी पिताना गाणं म्हणाली असती.

गुरुवार, ४ डिसेंबर

एक साल झालं. पुन्हा उमापूर. ह्यावेळी अप्पांनी शेड रिकामं ठेवलंय, आपणहून. थंडी पडली, पाऊस नाही. मादीच्या, आता मेंढी म्हणायला पाहिजे, अंगावर मी घोंगडी टाकतो. ती अंग झटकून ती पाडते आणि भुंग्याच्या आडोशाला जाऊन बसते. रोज तेच. भागवत म्हणतो, "दादा, तिला लाज वाटती, बाकीच्या हसत असतील." पोट दिसायला लागलंय तिचं.

औंदा कळपात नवी कोकरं जास्त काळीच आहेत. एकही जुनी मेंढी काळी झाली नाही आणि कळप मात्र काळा होत चाललाय. धनू म्हणाली होती तसंच. डोळ्यांनी बघितल्यावर त्याचं नवल वाटतं आणि भीतीही वाटते, की हे असं आपल्या रडण्याकडं न बघता चालू असतं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

चि. धनश्रीस आबाचा आशीर्वाद.

बाळा, तू कशी आहेस? नव्या गावातल्या कॉलेजात मन रमलं का? पाणी उकळून पितेस ना? तुझ्या आईची कंबर आता बरी, घागर मात्र अजून पूर्णच भरते. भागवतचा गुडघा उन्हाबरोबर सुधारतोय. शिवलिंगअप्पांचा दुसराही डोळा झाला, आता नोट सावलीत बघतात. म्हाळू महिन्यातून एकदा येतो. काम नसतं, नुसता बसून जातो. भुंगा थकलाय, पण आहे. मी बरा. रात्री खोकला आला तर भागवत लगेच उठून बसतो. मला सांगत नाही, पण माझ्या छातीवर हात ठेवून बघतो.

दैनंदिनी कुणाला पाठवायची नाही म्हणालीस, पण हे पान फाडून पाठवतोय. सारजाची मेंढी काल शिवरात्रीला व्याली. एकच कोकरू, मादी. रंग भुंग्याचा, काळाकुट्ट. पाय आईचे, लांबच लांब, उभं राहताना चारही चार दिशांना जातात. नाक राघूसारखं वाकडं. लोकरीत बोट घालून बघितलं. दाट आहे, आईपेक्षा कितीतरी दाट, भुंग्याएवढी नाही. अशी आपल्या कळपात आधी नव्हती. ही टिकेल का, आणि कशानं टिकेल, ते येणारे पाऊस बघतील. मी नसेन. त्याचं मला काही वाटत नाही. तू शिकवलेलं कळपाचं गणित मला पटलंय.

पण ह्या कोकराला ना म्हाळूनं ठेवलं, ना पावसानं. पावसाच्या हिशोबात त्याची आई त्याच सकाळी वाघरीत आडवी असायला हवी होती. एका म्हातारीनं अंगावरची घोंगडी काढली, म्हणून आज हे माझ्या धोतराचा सोगा चोखतंय. कळप बदलतो, मेंढरू नुसतं जातं, हे समजलं. जाणाऱ्या एकीचं पुढं काय होतं, तिनं जे केलं ते कुठं जमा होतं, ह्याच्याबद्दल तुझ्या अभ्यासात कुठं काही दिलंय का?

असलं तर लवकर लिही. नसलं तरी लिही, बाळा. वाट बघतो.